बाळंत होऊन किती दिवस झाले?

गेल्या अंकात गरोदरपणातल्या वाढत्या बीपीबद्दल लिहिताना मी शेवटाकडे एक वाक्य लिहिलं होतं : बाळ जन्मल्यानंतरही आकडी येऊ शकते. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका वाक्यावर. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेते. आकडी, फिट, झटके हे तिन्ही शब्द तुमच्या पत्रांत आहेत, मीही ते वापरणार आहे. वैद्यकात या आजाराचं नाव एक्लॅम्पसिया.

प्रश्न : माझ्या पत्नीचं हे पहिलं बाळंतपण. नऊ महिन्यांत एकदाही बीपी वाढलं नाही, लघवीच्या तपासणीत काही निघालं नाही. साधी डिलिव्हरी झाली, तिसऱ्या दिवशी घरी आलो. पाचव्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. जागरणामुळे असेल म्हणून तिनं गोळी घेतली. दुपारी बाळाला पाजताना म्हणाली, ‘डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय.’ मी बाळाला तिच्याकडून घेतलं आणि पाच मिनिटांत तिला झटके आले. दवाखान्यात नेल्यावर त्यांनी विचारलं, आधी फिट यायच्या का? मी नाही म्हटलं. बीपी खूप होतं, पण झटक्यामुळे वाढलं असेल असं ते म्हणाले. फिटचं इंजेक्शन दिलं. दीड तासानं माझ्या सासूबाई बाळाला घेऊन पोचल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, पाच दिवसांची बाळंतीण आहे ती.’ त्यानंतर सगळे उपचारच बदलले. आता ती बरी आहे. पण आजार गरोदरपणातला, तर तो बाळ झाल्यावर कसा आला? माझं काही चुकलं का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रात तो तुम्ही दोनदा लिहिलाय. तुमचं काही चुकलं नाही. पत्रासोबत तुम्ही घरी सोडतानाच्या कागदाची प्रत पाठवलीत. त्यावर टाक्यांची काळजी आहे, बाळाच्या लसी आहेत, पुन्हा दाखवायला कधी यायचं ती तारीख आहे. ‘डोकं दुखलं तर लगेच या’ एवढं एक वाक्य मात्र नाही. ते लिहिणं आम्हा डॉक्टरांचं काम होतं.

आता आजार कुठून आला ते. याचं मूळ वारेत असतं. वार गर्भाशयात नीट रुजली नसेल, तिला रक्त पुरत नसेल, तर ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की त्यांनी अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं. मग बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागतात, यकृताला त्रास होतो, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून तिथं सूज येते. वार पडली की हे पदार्थ येणं थांबतं. पण जे अस्तर दुखावलंय ते त्याच दिवशी भरून येत नाही, त्याला दिवस लागतात. शिवाय गरोदरपणात अंगात साठलेलं जास्तीचं पाणी बाळंतपणानंतर रक्तात परत येतं आणि मग हळूहळू लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे बाईचं बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात वर असतं. अगदी ठणठणीत बाईचंही या दिवसांत थोडं चढतं. नेमकं याच सुमाराला बहुतेक जणी घरी पोचलेल्या असतात आणि घरातलं सगळं लक्ष बाळाकडे लागलेलं असतं.

बाळंतपणानंतरची आकडी बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. पण त्यानंतरही ती येते, चार-सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकते. आणि अशा उशिरा आलेल्या आकडीत बऱ्याच जणींच्या गरोदरपणाच्या कागदांवर बीपीची एकही वाईट नोंद नसते. तुमच्या पत्नीचं तसंच झालं. म्हणून ‘तिला बीपी नव्हतंच’ हा दिलासा बाळंतपणाबरोबर संपला असं मी धरते. नऊ महिने नव्हतं, आज आहे का हे आज मोजल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या पत्नीनं ‘काजवे’ हा शब्द वापरला, तो मला थांबून वाचावासा वाटला. एक्लॅम्पसिया हा शब्द ग्रीक भाषेतून आलाय आणि त्याचा अर्थ ‘लख्खकन चमकणं’ असा आहे. आपण काय पाहतोय हे जिथं उमगतं ते दृष्टीचं केंद्र मेंदूच्या मागच्या बाजूला असतं आणि या आजारातली सूज बहुतेक वेळा तिथंच जास्त असते. म्हणून कुणाला काजवे दिसतात, कुणाला काळे ठिपके, कुणाला समोरचं माणूस अर्धंच दिसतं. क्वचित सगळा अंधारच होतो.

तसा अंधार झालेली एक बाई मी पाहिली आहे. ती माझ्याच सहीनं घरी गेली होती. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं बीपी १४८/९६ होतं. वॉर्ड भरलेला होता, तिला घरी जायची घाई होती, मी ‘जिना चढून आलीय, म्हणून असेल’ असं मनाशी म्हटलं आणि दुसऱ्यांदा न मोजताच कागदावर सही केली. सहाव्या दिवशी तिला झटके येत असताना परत आणलं. झटके आटोक्यात आल्यावर, शुद्धीवर येता येता ती म्हणाली, ‘दिवे का घालवलेत?’ दुपारचे दोन वाजले होते. बाळ शेजारीच रडत होतं, तिचा हात आवाजाच्या दिशेनं चाचपडत होता आणि बाळाऐवजी पलंगाच्या कडेला लागत होता. तिची नजर परत आली, तिसऱ्या दिवशी पूर्ण आली. सूज उतरली की ती बहुतेक वेळा येतेच. पण तो चाचपडणारा हात मी विसरले नाही, आणि तेव्हापासून घरी जाणाऱ्या कुठल्याही बाळंतिणीच्या कागदावर त्या सकाळचं बीपी स्वतः मोजल्याशिवाय मी सही केलेली नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुमच्या सासूबाईंचं ते एक वाक्य. दवाखान्याच्या दारात जी येते ती झटके येणारी एक तरुण बाई असते. पोट दिसत नाही, बाळ सोबत नसतं. समोरच्या डॉक्टरांच्या मनात आधी मिरगी येते, मेंदूज्वर येतो. त्यांना बाळंतपणाची शंका यावी म्हणून वाट पाहू नका. आत शिरताना पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘ही बाळंत होऊन इतके दिवस झालेत.’ नाव, वय, पत्ता त्यानंतर.

प्रश्न : मुलीचं सिझेरियन होऊन नऊ दिवस झाले. दोन दिवसांपासून तिचं डोकं फार दुखतंय. सगळे म्हणतात, पाठीत सुई टोचून भूल दिली की असं दुखतंच, पाणी जास्त पी, जाईल. गोळीनं तासभर बरं वाटतं, पुन्हा सुरू. काल एकदा उलटी झाली. वाट पाहावी का?

उत्तर : या बाईंचं पत्र वाचल्याबरोबर मी त्यांना फोन केला, उत्तर छापून यायची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी मुलीचं बीपी मोजलं गेलं, १५६/१०२ निघालं. ती दाखल झाली, उपचार मिळाले, आकडी यायच्या आधीच. इथं लिहिते आहे ते बाकीच्यांसाठी.

पाठीतल्या सुईनं डोकं दुखतं हे खरं आहे. पण त्या दुखण्याची एक खूण असते. उठून बसलं की ते ठणकतं आणि आडवं झालं की थोड्या वेळात लक्षणीय उतरतं. आणि ते बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू होतं. सातव्या दिवशी नव्यानं सुरू झालेलं, झोपूनही न उतरणारं, गोळीला न जुमानणारं डोकं सुईच्या खात्यावर टाकू नका. बीपीचं डोकं कपाळाशी दुखेल, मागे दुखेल, सगळीकडे दुखेल, त्याला ठरावीक जागा नसते. बाळंतपणानंतर मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढलेला असतो, आणि तीही डोकेदुखी आणि आकडी घेऊनच येते. त्यामुळे बीपी चांगलं निघालं तरी असं दुखणं डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

डोक्याखेरीज काय पाहायचं? दृष्टीबद्दल वर लिहिलंच आहे. दुसरी खूण पोटात असते : उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखणं, सोबत मळमळ आणि उलटी. हे दुखणं यकृताचं असतं, आणि सगळेच त्याला पित्त समजतात. याबाबतीत मी फार कडक आहे : बाळंतपणानंतर सहा आठवडे ‘पित्त झालंय’ हे निदान घरी करायचंच नाही. आधी बीपी, मग पित्त. आडवं पडल्यावर धाप लागणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, लघवी कमी होणं, आणि माणूस जरा वेगळंच बोलतंय, गोंधळल्यासारखं वागतंय असं घरच्यांना वाटणं, याही खुणाच. पाय सुजणं मात्र बाळंतपणानंतर फार जणींचं होतं, एवढ्यानं घाबरायला नको.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकमेकांवर न टाकलेले, दंड छातीच्या पातळीवर, पट्टा दंडाच्या मापाचा. मोजताना बोलायचं नाही, बाळाला पाजायचं नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. १६० किंवा ११० निघाला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, पण ती पंधरा मिनिटं निघायच्या तयारीत घालवा. दुसऱ्यांदा तेवढंच आलं तर ही तातडीची वेळ आहे. एवढं बीपी तासाभराच्या आत औषधानं खाली आणायचं असतं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि डोकं ठणकतंय, नीट दिसत नाहीये, पण आकडा १४५ आहे, म्हणून घरी थांबायचं का? नाही. आकडी येण्यासाठी बीपी फार चढलेलंच असावं लागतं असं नाही.

प्रश्न : घरात आकडी आली तर आम्ही नेमकं काय करायचं? तोंडात चमचा घालायचा की नाही यावरून आमच्या घरात वाद झाला.

उत्तर : नाही घालायचा. बोटही नाही, कापडाचा बोळाही नाही. जीभ चावली गेली तर ती भरून येते, पण तुटलेला दात किंवा बोळा श्वासनलिकेत गेला तर जीव जातो.

आकडी कशी दिसते हे माहीत असलं की हात थरथरत नाहीत, म्हणून सांगते. आधी चेहरा फडफडतो, नजर एका जागी खिळते. मग सगळं अंग ताठ होतं, दातखीळ बसते, श्वास थांबल्यासारखा होतो, ओठ निळे पडतात. हे पंधरा-वीस सेकंद चालतं आणि पाहणाऱ्याला ते फार लांब वाटतं. त्यानंतर हातपाय झटके देतात, साधारण मिनिटभर. मग सगळं सैल पडतं, घोरल्यासारखा खोल श्वास सुरू होतो. शुद्धीवर आल्यावर तिला त्यातलं काहीच आठवत नसतं. बहुतेक जणी पहिलं विचारतात ते बाळ कुठे आहे.

तुमच्या हातात आहे ते एवढंच : बाळ तिच्याजवळून काढून घ्या. ती पलंगावरून पडणार नाही असं पाहा, पण हातपाय दाबून धरू नका. झटके सैल होताच तिला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, उलटी बाहेर येईल. घड्याळ पाहा, किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं. पाणी पाजू नका, काही हुंगवू नका, तोंडातून गोळी देऊ नका. एकानं हे करताना दुसऱ्यानं गाडी बोलवायची. झटके थांबले, ती बोलायला लागली, तरीही न्यायचंच, कारण दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही. गाडीतही कुशीवरच.

प्रश्न : मी एका लहान आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. रात्री डॉक्टर नसतात. मॅग्नेशियम सल्फेटची कुपी आमच्या कपाटात आहे, पण मला त्या इंजेक्शनची भीती वाटते. श्वास बंद पडतो असं ऐकलंय. त्यापेक्षा डायझेपाम देऊन पुढं पाठवलं तर?

उत्तर : सिस्टर, तुमचं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुढचे परिच्छेद तुमच्यासारख्या प्रशिक्षित हातांसाठी आहेत, घरच्यांनी ते फक्त माहिती म्हणून वाचावेत.

आकडी थांबवायला डायझेपाम हे गुंगीचं औषध द्यायचं की मॅग्नेशियम, हा वाद १९९५ साली मिटला. अनेक देशांत मिळून १,६८७ आकडी आलेल्या बायकांवर झालेल्या चाचणीत दिसलं की पुन्हा झटका येण्याचा धोका मॅग्नेशियमनं डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइन या फिटच्या औषधापेक्षा ६७ टक्क्यांनी कमी होतो. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर झालेल्या मॅग्पाय चाचणीत, आकडी अजून आलेली नाही पण प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातल्या वाढत्या बीपीचा आकडीआधीचा आजार, आहे अशांना मॅग्नेशियम दिल्यावर आकडीचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. इतकी स्वस्त, इतकी जुनी आणि इतकी सिद्ध झालेली औषधं माझ्या शाखेत फार थोडी आहेत. मॅग्नेशियम कपाटात राहिलं आणि बाई रस्त्यात दुसऱ्या झटक्यानं गेली, असं होऊ नये यासाठीच हे लिहिते आहे.

आधी श्वासमार्ग : कूस, तोंडातली लाळ ओढून काढणं, ऑक्सिजन. मग शीर धरणं, मूत्रमार्गात नळी. मग मॅग्नेशियम. ५० टक्के द्रावणाच्या २ मिलिलिटर कुपीत १ ग्रॅम असतं. पहिला डोस शिरेतून ४ ग्रॅम : ५० टक्क्यांचं ८ मिलिलिटर आणि इंजेक्शनचं पाणी १२ मिलिलिटर, असं २० मिलिलिटर करून सावकाश, पाच मिनिटांहून कमी वेळात कधीच नाही. पाठोपाठ प्रत्येक कुल्ल्यात खोल स्नायूत ५-५ ग्रॅम, म्हणजे १०-१० मिलिलिटर. हे इंजेक्शन फार दुखतं, म्हणून त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन १ मिलिलिटर घ्या. शीर मिळालीच नाही तर कुल्ल्यांतले १० ग्रॅम तरी देऊन पाठवा, आणि काय किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर ठळक लिहा, नाहीतर पुढच्या ठिकाणी पहिला डोस दुसऱ्यांदा दिला जाईल. पंधरा मिनिटांनंतरही झटका आला तर शिरेतून आणखी २ ग्रॅम, पुन्हा सावकाश. औषध जाताना ती ‘अंगातून गरम वाफा निघतायत’ म्हणेल, चेहरा लाल होईल. ते अपेक्षित आहे. तिला आधीच सांगून ठेवा.

आता तुमच्या भीतीबद्दल. श्वास बंद पडू शकतो, पण तो न सांगता बंद पडत नाही. त्याआधी गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडणं बंद होतं. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीनं टकटक करा, हातोडी नसेल तर तळहाताच्या कडेनं. पाय उडाला की मॅग्नेशियम मर्यादेत आहे. पाय उडेनासा झाला तर पुढचा डोस थांबवा. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या वर हवी. श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त हवेत. चार-चार तासांनी ५ ग्रॅम देताना दर वेळी या तीनच गोष्टी पाहायच्या : पाय, श्वास, लघवी. तिन्ही ठीक असतील तर निर्धास्त द्या. बिघडलंच तर उतारा आहे, कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिलिलिटर, शिरेतून सावकाश, आणि तोवर अँबू बॅगनं श्वास. कॅल्शियमची कुपी मॅग्नेशियमच्या डब्यातच ठेवा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होणार नाही. शेवटच्या झटक्यानंतर २४ तास मॅग्नेशियम चालू ठेवायचं असतं, पण ते काम पुढच्या रुग्णालयाचं.

एक मात्र पक्कं लक्षात घ्या, मॅग्नेशियम आकडी थांबवतं, बीपी उतरवत नाही. त्यासाठी वेगळं औषध : लॅबेटॅलॉल किंवा हायड्रॅलाझिन शिरेतून, किंवा शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर निफेडिपिन १० मिलिग्रॅम तोंडातून गिळायला, जिभेखाली नाही. दमा असेल तर लॅबेटॅलॉल टाळा. बीपी १४०-१५० च्या घरात आणायचं, एकदम धाडकन खाली नाही. सलाईन भरभर लावू नका, या बायकांच्या फुप्फुसांत पाणी पटकन साचतं. आणि अंगावरून जातंय म्हणून हाताशी असलेलं मेथिलएर्गोमेट्रिन देऊ नका, ते बीपी चढवतं. रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन वापरा.

मॅग्नेशियम देऊनही झटके येत राहिले, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, किंवा आकडी ४८ तासांनंतर पहिल्यांदाच आली असेल, तर मेंदूचा स्कॅन लागतो. तेव्हा पाठवताना तो होईल अशाच ठिकाणी पाठवा. पण स्कॅनसाठी मॅग्नेशियम थांबवायचं नाही.

प्रश्न : मला बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी आकडी आली होती. आता तीन आठवडे झालेत, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. बाळाला अंगावर पाजते आहे, त्याला काही होणार नाही ना? या गोळ्या कायमच्या का? आणि दुसरं मूल होऊ द्यावं का? घरात सगळे नको म्हणतात.

उत्तर : पाजा, निश्चिंत मनानं पाजा. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोळ्या, लॅबेटॅलॉल आणि निफेडिपिन, दुधातून बाळाला जातात त्या फार थोड्या. एनालाप्रिलही बाळंतपणानंतर चालतं, गरोदरपणात मात्र ते अजिबात चालत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी आठवणीनं सांगा. रुग्णालयात मॅग्नेशियम मिळालं तेव्हाही पाजायला हरकत नव्हती. तुम्ही लिहिलंय की तेव्हा तुमचं दूध पिळून टाकायला लावलं. ते करायची गरज नव्हती, आणि त्याची तुम्हाला लागलेली हुरहुर मी समजू शकते.

गोळ्या स्वतः बंद करू नका. बीपी मोजून, डॉक्टर हळूहळू कमी करतील. बहुतेक जणींचं बीपी बारा आठवड्यांत मूळ पदावर येतं. तोवर आलं नाही तर तो वेगळा, आधीपासूनचा बीपीचा आजार असू शकतो, त्याची तपासणी करून घ्यायची.

दुसरं मूल हा निर्णय तुमचा आणि तुमच्या नवऱ्याचा, घरातल्या सगळ्यांच्या मतदानाचा नाही. पुन्हा आकडी येण्याची शक्यता शंभरात साधारण दोन इतकीच आहे. प्रीएक्लॅम्पसिया पुन्हा होण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त, त्यामुळे पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत ही हकिगत सांगायची. डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर, सोळाव्याच्या आत, कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, तिनं धोका घटतो. बीपी घरी नियमित मोजायचं, आणि बाळंतपण अशाच ठिकाणी ठरवायचं जिथं रात्रीही डॉक्टर असतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. ज्यांना हा आजार होतो त्यांना पुढल्या आयुष्यात बीपी, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून वर्षातून एकदा बीपी तपासायचंच, चाळिशीची वाट न पाहता. चाळिशीनंतर एखादे हृदयाचे डॉक्टर ‘आधी काही आजार?’ असं विचारतील, तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. बाळंतपणातल्या आकडीचं सांगा.

आणखी एक. पत्रात तुम्ही लिहिलंय की रात्री बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नाही, डोळा लागला की पुन्हा झटका येईल असं वाटतं. अशा अनुभवानंतर हे पुष्कळ जणींना होतं, आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या भेटीत बीपीच्या आधी हे सांगा.

प्रश्न : बाळंतपणात आकडी आली म्हणजे मला आता मिरगी झाली का? फिटच्या गोळ्या किती वर्षं घ्याव्या लागतील? मुलीलाही येईल का?

उत्तर : ही मिरगी नाही. आजार उतरला की आकडीही जाते, आणि बहुतेक जणींना फिटच्या गोळ्या घरी नेण्याची गरजच पडत नाही. तुमच्या चालू असतील तर त्या कशासाठी दिल्यात हे विचारा, स्कॅनमध्ये वेगळं काही निघालं असेल तर उत्तर वेगळं असेल. मुलीला फिट येतील ही भीती काढून टाका. मात्र आईला किंवा बहिणीला प्रीएक्लॅम्पसिया झालेला असेल तर तो होण्याची शक्यता वाढते, तेव्हा ती मोठी होऊन स्वतः गरोदर राहील त्या वेळी तिला हे माहीत असायला हवं. तुमचा रुग्णालयातला कागद जपून ठेवा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि त्यावर तुमच्या हातानं तारीख घाला : बाळंतपणाची, आणि आकडीची.